बुधवारचा जन्म

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात बसस्टँडसमोरच्या ओळीत बबनरावांचं दुकान आहे. तिथे आज झेरॉक्स निघते, सातबारा मिळतो, पीकविम्याचे अर्ज भरून मिळतात. पण शटरवरच्या पाटीत, उन्हानं उडालेल्या रंगात, 'संगणकीय जन्मपत्रिका' ही अक्षरं नीट पाहिलं तर अगदी अलीकडेपर्यंत वाचता येत. बबनरावांनी ती कधी पुसली नव्हती. पुसायची कशाला? माणसाला उभ्या आयुष्यात मिरवायला एखादीच गोष्ट मिळते, आणि त्यांना ती या पाटीनं दिली होती.

माणूस मूळचा जवळच्या किन्हीराजा गावचा. शेतकऱ्याचं पोर, पण शेतात कोळपणीला डवऱ्यामागं मन कधी रमलं नाही. बारावीनंतर टायपिंग शिकले, तहसीलीबाहेर अर्ज टाईप करत बसले, आणि शहाण्णव साली बापाशी भांडून अकोल्याहून एक जुना कॉम्प्युटर, एक करकरणारा प्रिंटर आणि पत्रिका काढायचा प्रोग्रॅम घेऊन आले. खेड्यापाड्यातली माणसं तेव्हा नुसता तो डबा बघायला यायची. जन्मतारीख, वेळ आणि गाव सांगायचं, बबनरावांची बोटं टकटक चालायची, आणि गाडी लागायच्या आत पत्रिका हातात. जोशीबुवांकडे चार चकरा मारण्यापेक्षा हे किती सोपं. लोक म्हणत, बबननं ग्रहच नोकरीला ठेवले. बबनराव वरवर नाही नाही करत, पण त्या दिवशी घरी दोन घास जास्त जेवत. कुणी शंका काढलीच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "यंत्र खोटं नाही बोलत."

नव्याण्णव साल सरत आलं तसं पेपरात रोज छापून येऊ लागलं. जुन्या कॉम्प्युटरांना म्हणे सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की त्यांना वाटणार, एकोणीसशे साल आलं. बँका बुडतील, विमानं पडतील, असंही कुणी कुणी लिहीत होतं, आणि या घोळाला 'वायटूके' म्हणत होतं. मालेगावावर विमान पडेल अशी बबनरावांना धास्ती नव्हती, पण आपला डबा बसला तर काय, हा विचार त्यांना सोडेना. एक जानेवारीला सकाळी त्यांनी अगरबत्ती लावली, नारळ फोडला आणि बटण दाबलं. दाराशी स्टँडवरची रिकामी मंडळी जमली होतीच. डबा घरघरला, पडदा उजळला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्यांना कुणीतरी 'वायटूके बबनराव' म्हणायला सुरुवात केली. बबनरावांना हे नाव एखाद्या पदवीसारखं वाटलं.

आठवडाभरानं नव्या सालातल्या पहिल्या बाळाची पत्रिका निघाली आणि तिच्यावर छापून आलं, सन १९००. बबनरावांनी अकोल्याला फोन लावला, तर प्रोग्रॅम विकणाऱ्यानं तो धंदाच सोडून दिला होता. मग त्यांनी दोन दिवस खटपट करून सालाचे पहिले दोन आकडे छापायचे बंद केले. प्रेसमध्ये जाऊन नवे कागद छापून आणले. वर गणपती, खाली मोकळी जागा, आणि जिथे साल यायचं तिथे आधीच छापलेलं 'सन २०' आणि 'शके १९'. प्रिंटर त्यापुढे फक्त शेवटचे दोन आकडे टाकायचा. दिसायला पत्रिका एकदम चोख. जी गोष्ट निस्तरायला मोठमोठ्या शहरांत इंजिनिअर रात्रीचे दिवस करत होते, ती आपण मालेगावात एका प्रेसवाल्याच्या मदतीनं निस्तरली, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं.

एक खूण मात्र त्या डब्यानं त्यांना दिली होती. त्याच साली एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाची तारीख तो घेईना. अशी तारीखच नाही म्हणे. दोन हजार साली फेब्रुवारी एकोणतीसचा होता, एकोणीसशे साली अठ्ठावीसचाच, हे बबनरावांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण डबा असा का अडला, असा प्रश्न तरी पडायला हवा होता. तो पडला नाही. त्यांनी एक मार्च टाकलं आणि मुलाच्या बापाला हसत सांगितलं की एका दिवसानं काही बिघडत नाही.

पुढच्या साली, शिमगा होऊन दोनेक महिन्यांनी, त्यांचा बालमित्र उकंडराव किन्हीराजाहून बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन दुकानात आला. उकंडरावाची थोडी शेती, त्याचा आणि बबनरावांचा जीव एकमेकांवर. पोरीचं नाव साधना. बबनरावांनी स्वतः होऊन पत्रिका काढली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. सात मार्च, सूर्योदयाची वेळ, गुरुवार. तेवढ्यात उकंडरावाची बायको गोमतीबाई, जी एरवी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे, हळूच म्हणाली, "भाऊजी, पोरगी बुधवारची हाये."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. बबनराव त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वहिनी, बाळंतपनात बाईले वाराची सुद कुठली? यंत्र खोटं नाही बोलत." गिऱ्हाइकं हसली. उकंडरावही हसला. गोमतीबाईनं पदर पुढं ओढला आणि लेकराला छातीशी धरून ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

वर्षं गेली. प्रिंटरची रिबन मिळेनाशी झाली, डबा बंद पडला तो पडलाच, आणि पत्रिकांच्या जागी झेरॉक्स आली. पण जुन्या पत्रिका घराघरांत जपलेल्या होत्या. लग्न जुळवायची वेळ आली की लोक त्या घेऊन बबनरावांकडेच येत. तीन वर्षांपूर्वी साधनाची आली. स्थळ होतं जऊळक्याचा हरीओम, घरची शेती आणि स्टेशनाजवळ खताबियाण्याचं दुकान, मुलगा निर्व्यसनी आणि हसरा. बघण्याच्या कार्यक्रमात दोघं एकमेकांना पसंत पडली होती, इतकी की पुढं कसल्याशा निमित्तानं फोनही सुरू झाले होते. दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन बसली. बबनरावांनी पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा लावला, आणि मुलीच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ दिसला. नवऱ्याच्या जिवाला वाईट, असं मानणारी माणसं आमच्या भागात कमी नाहीत. हरीओमची आई त्यातलीच.

मित्राची मुलगी होती. डोळे मिटून घेता आले असते. पण बबनरावांनी तसं केलं नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटला. आपण नात्यापेक्षा सत्याला धरलं, असं ते पुढं कितीतरी दिवस मनात घोळवत होते. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी साधना कॉलेजच्या बसमधून मध्येच उतरून एकटी दुकानात आली. काही उपाय नाही का काका, एवढंच तिनं विचारलं. बबनरावांनी तिला पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि आपलं ते ठेवणीतलं वाक्य तिलाही ऐकवलं. हरीओमचं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे लग्न झालं.

त्यानंतर साधनाला स्थळं येत आणि मंगळाचं नाव निघालं की परत जात. शेवटी यंदा एक जुळलं. मुलगा कसला, चाळिशीला टेकलेला बाप्या. त्याच्याही पत्रिकेत मंगळ, म्हणून त्याचंही राहिलेलं. मंगळाला मंगळ जुळला, येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलाकडच्यांनी मोबाईलवर पत्रिका मागितली, पण साधनाच्या कागदावरची शाई पार उडून गेली होती. उकंडरावानं फोन करून बबनरावांना सांगितलं, एक ताजी प्रत काढून आण.

बबनरावांच्या मोबाईलमध्ये सुनेनं पंचांगाचं ॲप टाकून दिलं होतं. त्यांनी साधनाची तारीख टाकली. ती त्यांना पाठच होती. पत्रिका आली. राशी कर्क. जुन्या कागदावर तर कन्या होती. बबनराव हसले, म्हणाले, ही फुकटची ॲपं अशीच. दुसऱ्या ठिकाणी टाकून पाहिलं. तिथेही कर्क. तिथेही बुधवार. आणि मंगळ सातव्या घरात नाही, दहाव्यात. म्हणजे मंगळाचा दोष नाहीच.

मग त्यांच्या बोटांनी जे केलं ते त्यांनी स्वतः केलं असं म्हणवत नाही. त्यांनी सालाच्या जागी २००१ खोडून १९०१ टाकलं. आणि पडद्यावर ती जुनी पत्रिका जशीच्या तशी उमटली. गुरुवार. कन्या रास. सातव्यात मंगळ.

तेव्हा त्यांना कळलं की त्यांनी दुरुस्त केला होता तो फक्त कागद. डब्याच्या पोटात शेवटपर्यंत एकोणीसशेच साल होतं. बबनराव सालाचे शून्य-एक टाकत, तो एकोणीसशे एक समजे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आकाशातले ग्रह काढून देई. सूर्याची रास आणि लग्नरास तेवढी तारीख-वेळेनुसार जमून जाई, म्हणून कुणाला संशय आला नाही. आणि वरचं 'सन २०' तर प्रेसमध्ये छापलेलंच होतं. दोन हजार सालापासून जन्मलेली, त्यांच्या दुकानात पत्रिका निघालेली सगळी पोरं दुसऱ्याच कुणाचे ग्रह घेऊन वाढली होती, आणि आता लग्नाला येऊ लागली होती.

बायको रुख्मिणी जेवायला बोलवायला आली तर त्यांनी मोबाईल पालथा ठेवला, जणू त्यावर काही अचकट विचकट चाललं होतं. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांना साठीला आल्यावर पहिल्यांदा कळत होतं. कानशिलं तापतात, आणि घरातलं माणूस साधं जेवा म्हणालं तरी ते आपल्याला ओळखून आहे असं वाटतं.

आता खरी गंमत पुढं आहे, आणि ती बबनरावांना शोभणारी नाही. संध्याकाळी त्यांनी एकोणीसशे एकचीच पत्रिका छापली. कुणाला काय कळणार होतं? मुलाकडच्यांना मंगळाचीच मुलगी हवी होती. ठरलेलं मोडायचं, पोरीला पुन्हा उघड्यावर आणायचं, उकंडरावाच्या डोळ्यांत स्वतःला बघायचं, त्यापेक्षा हे बरं. साल पांढऱ्या शाईनं झाकून त्यावर २००१ लिहिलं, पुन्हा झेरॉक्स काढली, पाकिटात घातली आणि सकाळी मोटारसायकलला किक मारली. पंचवीस वर्षांपूर्वी जे न कळत केलं तेच आता कळून करायला ते निघाले होते.

किन्हीराजाला उकंडराव ओट्यावरच बसला होता. मित्राला बघून त्याला बरं वाटलं. साक्षगंधाला किती माणसं, मांडव घालावा की नाही, असं तो बोलत राहिला. मुलाचं वय जरा जास्त आहे, पण आपल्या पोरीच्या नशिबात जे आहे ते आहे, असंही म्हणाला. साधना आतून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि बबनरावांकडे न बघताच परत गेली. पूर्वी ही मुलगी काका म्हणत गाडीच्या हँडलला लटकायची. बबनरावांनी पाकीट काढून उकंडरावापुढं ठेवलं.

गोमतीबाई दारात येऊन टेकली. वाचता येत नाही तरी तिनं पाकिटाकडे पाहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊजी, त्याच्यात वार कोनता हाये?"

त्या बिचारीच्या मनात काही डाव नव्हता. पण एवढ्या वर्षांत ही बाई तो वार विसरली नव्हती. दुकानातलं हसणं तिनं कुठंतरी आत ठेवून दिलं होतं, कधी बोलून दाखवलं नव्हतं. बबनरावांनी पाकिटावर हात ठेवला. गुरुवार म्हणायला तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "बुधवार."

मग बबनरावांनी पाकीट परत ओढून घेतलं, त्यातला कागद काढून फाडला आणि सगळं सांगितलं. दोन आकड्यांचं, छापलेल्या 'सन २०'चं, एकोणतीस फेब्रुवारीचं, काल संध्याकाळी पांढरी शाई लावल्याचंसुद्धा. पोरीला मंगळ नाही, कधीच नव्हता, हेही सांगितलं.

उकंडराव म्हणाला की मशीनची चूक, तू तरी काय करशील. बबनरावांना शिवी चालली असती, हे चाललं नाही. त्यांनी मान हलवली. "मशीन तं बरोबर सांगून राह्यलं होतं उकंडू. त्यानं एकोनीसशे छापलं होतं. त्याच्यावर दोन हजार म्या छापलं." मग ते गोमतीबाईकडे वळले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "तुमी सांगतलं होतं वहिनी."

गोमतीबाई म्हणाली, "हो जी. दोन दिसांनी, शुक्रवारी, शिमग्याची होयी व्हायची होती. घराघरातून लाकडं जमा करून राह्यले होते पोरं. मले अजून तो आवाज ध्यानात हाये." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

साधना केव्हा दाराशी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं. बबनरावांनी तिच्यापुढं हात जोडले. तिला ते बघवलं नाही, तिनं ते खाली केले. ते घाईघाईनं सांगू लागले की आजच दुकानावर मोठी पाटी लावतो, दोन हजारनंतरच्या सगळ्या पत्रिका चुकल्या, परत घेऊन या, असं लिहितो. लोक थुंकले तरी चालेल. गावाला कळू दे.

साधना म्हणाली, "पाटी नका लावू काका. जऊळक्याचे लोक रोज तुमच्या दुकानावरून जातात. हरीओमले माहीत पडन."

"पडू दे ना पोरी. त्याले तं कळालंच पायजे."

"त्याचं लगन झालं, लेकरू हाये. त्याच्या बायकोनं काय केलं?" ती म्हणाली. "आता त्याले सांगून तुमचं मन हलकं होईन. त्याचं होनार नाही."

आपण प्रायश्चित्त म्हणून जे करायला निघालो होतो, त्यातही आपलंच भलं पाहत होतो, हे बबनरावांना त्या पोरीनं चार शब्दांत दाखवलं होतं. चहा तसाच ठेवून ते उठले.

साक्षगंध झालं नाही. उकंडरावानं मुलाकडच्यांना सांगितलं की पोरीला मंगळ नाही, तुमच्याशी जुळत नाही. त्यांनी आधी फसवलं म्हणून तोंडसुख घेतलं, ते उकंडरावानं ऐकून घेतलं आणि बबनरावांचं नाव सांगितलं नाही. साधनानं सध्या स्थळं बघणं थांबवा असं घरी सांगितलं आहे. ती आता वाशिमला नर्सिंगला जाते.

पाटी लागली नाही, पण जुनी मात्र बबनरावांनी उतरवली. ते आता दुपारनंतर दुकान सुनेवर सोडून मोटारसायकलवर निघतात. ज्या ज्या घरी पत्रिका गेल्याचं आठवतं त्या घरी जातात, ओट्यावर बसतात, जुना कागद मागून घेतात आणि नवा देतात. चूक माझी झाली, असं प्रत्येक ठिकाणी तोंडानं म्हणतात, आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ देऊ नका अशी विनवणीही करतात. कुणी हसतं, कुणी खेकसतं, कुणी पाणीही विचारत नाही. रुख्मिणी म्हणते, अवो, किती दिवस नाक घासत फिरणार? त्यांना तो आकडा माहीत नाही.

मागच्या महिन्यात असंच एका घरी जायला म्हणून ते जऊळक्याला गेले. स्टेशनाजवळच्या खताच्या दुकानावरून मान खाली घालून जात होते, तेवढ्यात मागून हाक आली. हरीओम होता. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोरगं. त्यानं काकांना ओढूनच आत नेलं, गादीवर बसवलं, थंडगार पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली करून त्यानं विचारलं, साधनाचं जुळलं का कुठं?

"नाही अजून," बबनराव म्हणाले.

हरीओमनं पोराच्या पाठीवर थोपटलं. मग म्हणाला, "मले तवा तुमचा लय राग आला होता काका. पन आई म्हनते, तो मानूस खरा हाये. दोस्ताची पोरगी असून लपवलं नाही. दुसरा कोनी असता तं बोलला नसता." आणि त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

खरं काय ते बबनरावांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. हरीओम म्हणत होता, पोराची पत्रिका तुमीच काढून द्या, दुसऱ्यावर आमचा भरवसा नाही. बबनरावांनी खिशातून पेन काढलं, तळहातावरच तारीख लिहून घेतली, साल पूर्ण लिहिलं, आणि मान वर न करताच विचारलं, "वार कोनता होता? त्याच्या मायले विचारून सांग."